तुला काय, वेळच वेळ!

कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा वेळ घरातल्या, नात्यातल्या आणि सोसायटीतल्या सगळ्यांच्या मालकीचा असतो. गॅसवाला येणार आहे, घरी कोण थांबेल? ती थांबेल. आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, कोण नेईल? ती नेईल, तिला काय, वेळच वेळ. मामा तर "मोकळी आहेस ना?" असंही विचारत नाही, फोन उचलला की थेट काम सांगतो. मी टीवायला, म्हणजे डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बदलापूरला राहते, कॉलेज माटुंग्याच्या बाजूला. पहाटे घरातून निघते आणि रात्री जिना चढते तेव्हा शेजारच्या काकू कौतुकाने म्हणतात, "मजा आहे बाई तुमची, हेच दिवस!"

असतीलही. पण फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा काकूंनी एकदा माझ्या जागी काढून बघावा.

या आठवड्यात सगळ्या गोष्टी एकमेकींच्या पायात येतात. बारावीची बोर्डाची परीक्षा चालू असते आणि आमच्या कॉलेजला सेंटर असतं. दोन मजले त्यासाठी जातात, बेंचांवर सीट नंबरच्या चिकटपट्ट्या लागतात, आणि आम्हा डिग्रीवाल्यांची लेक्चर्स उरलेल्या भोकांत बसवली जातात. एक सकाळी साडेसातला, दुसरं थेट दुपारी तीनला. पेपर अकरा ते दोन, त्यामुळे मधल्या वेळात वर जायचं नाही. रीडिंग रूम सुपरव्हायझर लोकांच्या चहापाण्याला दिलेली. कँटीनमध्ये 'विनाकारण बसू नये' अशी पाटी. कट्ट्यावर ऊन. वेळापत्रक करणाऱ्याची चूक काढायला जावं तर एकही चूक सापडत नाही. लेक्चर्स सगळी आहेत, खोल्या पुरल्या आहेत. साडेआठ ते तीन हा वेळही कुणाचा तरी असतो, एवढंच त्या कागदावर लिहायचं राहून गेलंय.

त्यात दहावीचेही पेपर सुरू होतात, आणि संध्याकाळी माझ्याकडे ट्यूशनला येणारी मुलं दहावीचीच. त्यात सत्तावीस तारीख, मराठी भाषा गौरव दिन. त्यात पास संपतो. आणि या सगळ्याच्या बोकांडी ब्लॅकबुक.

ब्लॅकबुक म्हणजे टीवायचा प्रोजेक्ट, जाड पुठ्ठ्यात बांधलेला, वर सोनेरी अक्षरं. आमच्या डिपार्टमेंटचं मरून रंगाचं असतं, तरी त्याला ब्लॅकबुकच म्हणायचं. सोशिऑलॉजीच्या अर्ध्या वर्गाने 'सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम' हा विषय घेतला. त्यात गूगल फॉर्म पाठवला की रात्रीत साठ जण भरून देतात, रंगीत पाय चार्ट आपोआप निघतात. मी आणि माझी मैत्रीण शहाणपणा करून गिरणगावातल्या, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या भागातल्या, खाणावळींच्या मागे लागलो.

विषय मोठा आहे. गिरण्यांत काम करायला साताऱ्याहून, कोकणातून जे पुरुष आले ते बहुतेक बायकापोरं गावी ठेवून आले. एका गाळ्यात दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपायचे. त्यांचं जेवण रांधलं ते लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींतल्या बायकांनी, आपापल्या दहा बाय बाराच्या खोलीत. महिन्याची उधारी, पगार झाला की पैसे. तोपर्यंत वाण्याचं बिल, रॉकेल, डाळ-तांदूळ सगळं बाईच्या जिवावर. मग गळ्यातलं गहाण पडायचं, सावकाराचं व्याज चढायचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला काही नसलेल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. गिरणी कामगारांच्या चळवळीवर कपाटभर पुस्तकं आहेत. साडेआठ ते तीनच्या त्या भोकात मी चालत नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायचे (ही संस्था १८९८ची, आणि तिथे विनाकारण बसलं तरी कुणी उठवत नाही), तेव्हा लक्षात यायचं की त्या पुस्तकांत युनियन आहे, पगार आहे, बोनस आहे. खाणावळवाली एखाद्या परिच्छेदात येते आणि ताट ठेवून जाते.

आम्हाला बोलायला अशी एक बाई हवी होती. मैत्रिणीच्या आत्याच्या ओळखीने लालबागच्या एक आजी सापडल्या. ऐंशीच्या पुढच्या, पाटणकडच्या. सोमवारी दोन वाजता या म्हणाल्या. दादरला स्लो लोकल पकडायची, करी रोडला उतरायचं. (दादरला सेंट्रल लाइनचा जुना एक नंबर आता आठ झालाय. डिसेंबर २०२३ मध्ये दादरचे सगळे प्लॅटफॉर्म सलग मोजले, आणि माझे बाबा अजून 'एक नंबरला उभी राहा' सांगून मला वेस्टर्नला पाठवतात.) तीनचं लेक्चर बुडणार हे उघड होतं.

आजींची खोली तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये, अर्ध्या खोल्यांना कुलपं. आम्ही प्रश्नावली नेली होती, मॅडमनी मंजूर केलेली, चार पानी. पहिलं पान कसंबसं झालं. गाव, वय, लग्न, मुंबईला कधी आलात. दुसऱ्या पानावर प्रश्न होता, 'रोज किती तास काम करत होता?' आजींनी माझ्याकडे बघितलं, मग मैत्रिणीकडे.

"काम मिलवालं करायचं," त्या म्हणाल्या. "म्या सैपाक करायची."

मी प्रश्न फिरवून विचारला. मग उठायचात कधी? नळाला पाणी यायचं तेव्हा, साडेतीन-चारला. पहिली पाळी सातची, त्यांचं खाणं सहाच्या आत. ती गेली की तिसऱ्या पाळीवाले मिलमधून सुटून यायचे, त्यांना जेवून झोपायचं असायचं. मग दुपारच्या पाळीवाल्यांचं, साडेतीनच्या आत. मग सकाळी गेलेले परत. मध्ये दळण, निवडणं, भांडी. रात्री दुसरी पाळी बाराला सुटायची, त्यांची ताटं झाकून ठेवायची, पण चार-सहा जण असे की ज्यांना गरम भाकरी लागायची. "मग ती टाकायची उठून." बोटांवर मोजून मैत्रिणीने कागदावर अठरा लिहिलं. आजींना दाखवलं. त्यांनी मान हलवली, आकडा बरोबर की चूक यात त्यांना काही रस दिसला नाही. आम्हाला मात्र होता, कारण रकाना भरायचा होता.

मग त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली आणि वही काढली.

लाल पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याकडे असते तसली. प्रत्येक पानावर उभ्या रेषा आणि डाव्या हाताला माणसं. आडनाव असतंच असं नाही. 'पाटणचा बाबू', 'उंच सावंत', 'खोकला'. तारखांखाली पेन्सिलीच्या फुल्या, दोन वेळच्या दोन. खाडा असेल तिथे शून्य, म्हणजे त्या वेळचे पैसे कापायचे. रविवारच्या चौकोनात 'म', मटणाचा. आजींना लिहिता येत नव्हतं. वही सातवीतल्या मुलीने ठेवलेली. तिचं अक्षर पानागणिक वळणदार होत गेलेलं दिसतं. मी मोबाईलवर फोटो काढत होते आणि आजी माझ्या खांद्यावरून बोट ठेवून सांगत होत्या, हा लवकर गेला, याने मुलीच्या लग्नाला पत्रिका पाठवली, ह्याचं अजून येणं आहे.

१९८२चं पान आलं. जानेवारीत अठरा तारखेपर्यंत फुल्या गच्च. अठरालाच गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे मला पुस्तकातून माहीत होतं. वहीत मात्र एकोणिसाव्या तारखेलाही फुल्या तेवढ्याच आहेत. माणसं जेवतच होती. फेब्रुवारीतही जेवत होती, फक्त उजवीकडच्या 'जमा' रकान्यात काही नाही. मग मार्चपासून एकेक ओळ मध्येच थांबते. खाडा नाही, शून्य नाही, नुसतं कोरं. गावी गेला. आजींनी दिवाळीपर्यंत रेटलं, मग वाण्याने हात वर केले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, त्यामुळे तो संपला कधी हे कुणी सांगू शकत नाही. आजींच्या वहीतली येणी तशीच उघडी आहेत. एक जण मात्र नव्वदच्या सुमारास येऊन बाराशे रुपये देऊन गेला. "येवढं कुठं व्हतं," आजी म्हणाल्या, "पर म्या घेतलं."

आम्ही निघायला पाच वाजवले. निघताना त्यांनी जेवायचा आग्रह केला, आम्ही घाईत आहोत म्हटल्यावर रागावल्या. चपातीची गुंडाळी हातात घेऊन आम्ही करी रोडच्या जिन्यावर धावलो. ट्यूशनची मुलं साडेसातला येतात आणि दादरहून संध्याकाळच्या बदलापूरमध्ये शिरणं हा वेगळा प्रोजेक्ट आहे.

रेकॉर्डिंग भरलं दोन तासांच्या वर. ज्याने कधी मुलाखत उतरवून काढलीय त्याला माहीत असेल, तासाभराच्या बोलण्याला चारेक तास जातात, आणि आजींच्या बोलण्यात शेजारचा कुकर, खालचा भंगारवाला आणि माझ्या मैत्रिणीचं दर वाक्याला 'अच्छा' होतं. हे काम मी ट्रेनमध्ये केलं. लोकांना वाटतं मुंबईत प्रवासात वेळ वाया जातो. माझा उलटा अनुभव आहे: दिवसभरात तासभर सलग, ज्यात कुणी 'जरा इकडे ये' म्हणत नाही, असा वेळ मला फक्त तिथे मिळतो. सकाळी बदलापूरहून सुटणारी असेल तर बसायला मिळतं, खिडकी नाही पण तिसरी सीट. कानात इअरफोन, मांडीवर बॅग, बॅगेवर वही. डोंबिवलीला बायका घुसतात तेव्हा कोपर अंगाशी घ्यायचं आणि लिहीत राहायचं. शेजारच्या सीटवरच्या एक ताई मंत्रालयात असतात, त्यांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "कसला अभ्यास गं?" सांगितल्यावर म्हणाल्या, माझे सासरे अशाच खाणावळीत जेवायचे, सासूबाई मुंबईत आल्या तेव्हा पहिलं वर्षभर त्यांना सासूबाईंच्या हातचं आवडायचं नाही. हे मी परिशिष्टात टाकलं. मॅडमनी नंतर काढायला लावलं, संदर्भ काय म्हणून.

पासाचं एका वाक्यात सांगते. विद्यार्थ्यांना रेल्वे पासात सवलत देते, त्यासाठी कॉलेजच्या खिडकीवरून कन्सेशनचा फॉर्म शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि त्या आठवड्यात खिडकीवरचे काका बारावीच्या ड्युटीवर होते, म्हणून खिडकी उघडायची एक ते दीड. एकदा 'शिक्का साहेबांकडे आहे', एकदा 'उद्या ये'. उद्या ये म्हणायला कुणाचं काही जात नाही. एखाद्या नोकरदार माणसाला तुम्ही पाचदा उद्या ये म्हणालात तर तो रजेचा हिशेब मांडेल, तक्रार करेल. आमच्या उद्याला रजा लागत नाही.

सत्तावीसला कुसुमाग्रजांची जयंती. मी वाङ्मय मंडळात आहे, हौसेने आहे, आणि अभिवाचनासाठी आम्ही महिनाभर तयारी केली होती. दहाला ग्रंथदिंडी, साडेदहाला उद्घाटन. दिंडी झकास झाली. फेटे बांधायला आलेल्या माणसाने मुलींचे फेटे असे बांधले की वळून बघता येईना. मग पाहुण्यांची वाट बघणं सुरू झालं. पाहुणे ट्रॅफिकमध्ये होते. साडेदहाचे अकरा, अकराचे पावणेबारा. हॉल रिकामा दिसू नये म्हणून एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना 'अटेंडन्स लागेल' सांगून आणून बसवलेलं. निवेदिकेने मराठीचा अभिजात दर्जा तीन वेळा जाहीर केला. तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजीच मिळालेला आहे. शेवटी पाहुणे आले, छान बोलले, तरुणांनी वेळेचं मोल ओळखावं म्हणाले, आणि वेळेअभावी आमचं अभिवाचन दहा मिनिटांवर आलं. दोन वेच्यांपैकी एक वाचला. तो मात्र असा झाला की मागच्या रांगेतल्या अटेंडन्सवाल्या पोरांचे मोबाईल खाली गेले. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि फेट्यामुळे डोकंही ठणकत होतं.

फेटा सोडून मी थेट झेरॉक्सच्या दुकानात. कॉलेजच्या गल्लीतलं दुकान, फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते. पेनड्राइव्ह लावला आणि स्क्रीनवर आमचा प्रोजेक्ट फुटला. वेलांट्या एक घर पुढे पळालेल्या, जोडाक्षरांचे पाय मोडलेले, 'गिरणगाव' वाचता येईना. त्यांच्या कॉम्प्युटरवर आमचा फॉन्टच नव्हता. मागे उभ्या असलेल्या आयटीच्या मुलाने मोबाईलवरून पीडीएफ करून दिली, नाव न सांगता निघूनही गेला. प्रिंट निघाल्या. मग कव्हर.

"वरती काय टाकायचं?"

मी नाव लिहून दिलं, मराठीत. दुकानदाराने कागद उलटा-सुलटा करून पाहिला. सोनेरी अक्षरांचा साचा त्याच्याकडे इंग्रजीचाच होता. "मराठीत पाहिजे तर बाहेरून करून आणावं लागेल. दोन दिवस जास्त."

तारीख सत्तावीस फेब्रुवारी. माझ्या खांद्यावर अजून फेट्याची गुलाबी झिरमिळी होती. सबमिशन सोमवारी. मैत्रीण म्हणाली, जाऊ दे ना, इंग्रजीत टाक, आत मराठीच आहे. मी हट्टाने बाहेरून करायला दिलं. शनिवारी रात्री नऊला दुकान बंद व्हायच्या आत गाठायचं ठरलं, आणि शनिवारी रात्री नऊला माझ्याकडे ट्यूशनची पोरं भूमितीची प्रमेयं पाठ म्हणत बसलेली. आणायला मैत्रीण गेली. ती राहते मुलुंडला, तिचा दहावीचा भाऊ तिची घरी वाट बघत होता, पण ती गोष्ट तिने मला नंतर सांगितली.

रविवार मेगाब्लॉकचा. माटुंगा ते मुलुंड फास्ट बंद, सगळ्या गाड्या स्लोवर, म्हणजे मैत्रिणीकडून ब्लॅकबुक घ्यायला जाऊन येण्यात दुपार गेली. नाइलाज आहे, रूळ कधी तरी दुरुस्त करायलाच हवेत. आई म्हणाली, "रविवारचीही घरात नाहीस." मामाचा फोन आला, आजोबांचे ड्रॉप्स संपलेत. आणले.

सोमवारी मॅडमच्या केबिनबाहेर रांग. सहीसाठी. मॅडम वाईट नाहीत, त्यांच्याकडे आमच्यासारख्या चाळीस जणांची चाळीस बाडं आणि वर पेपर तपासणी. त्यांनी पानं उलटली, वहीच्या फोटोंपाशी थांबल्या, चष्मा काढून जवळून बघितलं. मला वाटलं आता काही तरी बोलतील. म्हणाल्या, "सॅम्पल लहान आहे गं. एकच केस. सोशल मीडियावाल्यांचं बघ, साठ रिस्पॉन्डंट्स." मग 'कामाचे तास' या रकान्यावर बोट ठेवलं. "अठरा? हे त्यांनी सांगितलं की तुम्ही काढलंत?"

आम्ही काढलं, असं मी म्हटलं. त्या काम म्हणतच नाहीत त्याला.

"मग तसं लिही ना," मॅडम म्हणाल्या. "तेच तर फाइंडिंग आहे." आणि त्यांनी पेन्सिलीने समासात एक ओळ लिहिली, म्हणजे ते पान पुन्हा टाइप, पुन्हा प्रिंट, बाइंडिंग उसवून पुन्हा. मला राग यायला हवा होता. पण मॅडम बरोबर होत्या. चार पानी प्रश्नावलीत आम्हाला जे सुचलं नव्हतं ते त्यांनी दोन मिनिटांत दाखवलं. अशी मिनिटं मॅडमकडेही फार नसणार. मी गल्लीत परत गेले.

एक प्रत कॉलेजला, एक माझी, एक मैत्रिणीची. चौथी आम्ही आजींसाठी काढली, आणि तिच्यावर मोठ्या टायपात नाव टाकून घेतलं. संध्याकाळी त्यांना फोन लावला. पुस्तक झालं म्हटल्यावर खूश झाल्या, जाड आहे का विचारलं, वहीचे फोटो आलेत का विचारलं. मी म्हटलं, आजी, उद्या बाराला येऊ का घेऊन? मला मध्ये वेळच वेळ आहे.

"उद्या न्हाय," आजी म्हणाल्या. "परवा ये, चारनंतर. मलाबी कामं असत्यात."